फोनपे करू काय? आपल्याकडं लोक मोबाईलवरून पैसे द्यायला नेमके का लागले?

झेरॉक्सवाला

भाची एम. कॉम. करते. प्रोजेक्टचा विषय : लोक मोबाईलवरून पैशांचे व्यवहार का सुरू करतात आणि नियमित का वापरतात. चार पानी फॉर्म तयार करून माझ्याच दुकानात झेरॉक्सला घेऊन आली. फुकट, हे सांगायला नको. मामा झालो ना. "हे वापरणे मला सोपे वाटते : पूर्ण सहमत, सहमत, तटस्थ..." असे प्रत्येक प्रश्नाला पाच गोल. तिच्या सरांनी सांगितलंय की १९८९ साली फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकानं मांडलं, माणूस नवीन तंत्र उचलतो ते दोन गोष्टींवर. एक, ते आपल्या कामाचं वाटलं पाहिजे. दोन, वापरायला सोपं वाटलं पाहिजे. तेव्हापासून असले बहुतेक प्रोजेक्ट याच दोन खुंट्यांना टांगलेले असतात म्हणे.

मी म्हटलं, बाळ, बेळगावात टिळकवाडीत काउंटरमागं बसून मी जे बघतोय त्यात या दोन्ही गोष्टी नंतर येतात. आधी येतात सुट्टे पैसे.

थोडं मागं जातो. ८ नोव्हेंबर २०१६ ला पाचशे-हजारच्या नोटा गेल्या. यूपीआयची अ‍ॅप्स त्याच ऑगस्टमध्ये आली होती, ३० डिसेंबरला भीम आलं. पेपरात रोज जाहिराती. माझ्या दुकानात त्या काळात काय आलं? वही. "लिहून ठेवा, एटीएमला पैसे आले की देतो." पुढं कॅशबॅकचा जमाना आला. कॉलेजची पोरं माझ्या दुकानासमोर उभी राहून एकमेकांना पन्नास रुपये पाठवायची आणि परत मागवायची, कार्ड खरवडायला मिळावं म्हणून. कार्डात काही निघेनासं झालं तशी पोरंही थांबली. गल्ल्यात काहीच फरक नाही.

माझी झेरॉक्स दोन रुपयांना. गिऱ्हाईक काढतं पन्नासची नोट. दिवसाला दहा जण तसे आले की गल्ला कोरडा. चॉकलेटं ठेवून बघितली, लोक चिडायचे. आपल्याकडं बसचा कंडक्टर तिकिटामागं बाकी लिहून देतो आणि उतरताना तो दाराशी आणि आपण गर्दीत, ते सगळ्यांनी भोगलंय. शेवटी एक पोरगा स्कॅन करायचा स्टिकर घेऊन आला. विचारलं, किती कापणार? म्हणाला, काही नाही. जानेवारी २०२० पासून यूपीआयवर दुकानदाराकडून कमिशन घ्यायचं नाही असा नियमच झाला होता. दोन रुपयांतले चार आणे जरी कापले असते तरी मी तो स्टिकर फाडून टाकला असता. मग लॉकडाऊन आलं, नोटेला हात लावायची भीती, आणि गुरुजी लोकसुद्धा "स्कॅनर कुठाय?" म्हणायला लागले.

पण हे झालं पहिल्यांदा करण्याचं. रोज करण्याचं वेगळंच आहे.

येळ्ळूरच्या एक मावशी येतात. फोन प्लास्टिकच्या पिशवीत, त्याला रबर. "भाऊ, जरा बघा की, आल्यात काय?" म्हणजे कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे दोन हजार. पहिलं वर्षभर त्यांनी त्या फोनवरून एक रुपया कुणाला दिला नाही. नुसतं बघायच्या. पूर्वी पैसे जमा झाले का हे विचारायला बँकेत जायचं, रांगेत उभं राहायचं, आणि तिथला माणूस मान वर न करता "नाही आले" म्हणायचा. आता त्या स्वतः बघतात. माझ्या हिशेबानं हाच त्यांचा पहिला वापर, फॉर्ममध्ये मात्र याला गोलच नाही.

एके दिवशी आधारच्या दोन झेरॉक्स झाल्या, चार रुपये. म्हणाल्या, "करून बघू काय?" पदराआड हात नेऊन पिन दाबला, माझ्यापासूनसुद्धा लपवून. (बरोबरच आहे.) पैसे आले की बोलणारा काउंटरवरचा डबा कन्नडमधून ओरडला, "नाल्कु रूपायी..." मावशी दचकल्या आणि मग हसत सुटल्या. त्यानंतर काय केलं असेल? गोव्यात कामाला असलेल्या मुलाला एक रुपया पाठवला आणि त्याचा फोन येईपर्यंत दुकानातून हलल्या नाहीत. आला फोन. "आई, एक रुपया कशाला?" पुढच्या महिन्यात गॅसवाल्याला दिले. आता भिशीसुद्धा.

तर प्रश्न असा. तुम्ही किंवा घरच्यांनी सुरुवात कशामुळं केली, टिकवलं कशामुळं, आणि सोडलं असेल तर कशामुळं? पाच गोल नकोत, काय घडलं ते लिहा.

---

टिळकवाडी_कट्टा

काका, उगाच गुंतागुंत करताय. सोपं आहे म्हणून वापरतात, विषय संपला. मी तीन वर्षं पाकीट बाळगलेलं नाही.

---

निपाणीची_लेक

@टिळकवाडी_कट्टा, तुम्हाला सोपं, माझ्या आईला नाही. आणि तिला जमत नाही असंही नाही, हे महत्त्वाचं.

आई बिड्या वळते. मजुरी आता खात्यात येते. फोन आहे, पिन पाठ आहे, मला पैसे पाठवतेसुद्धा. तरी मजुरी जमा झाली की त्याच दिवशी जाऊन सगळी काढून आणते. मी खूप भांडले. मग एकदा सुट्टीत नीट बघितलं. ती पैसे आणून चार डब्यांत घालते. भिशीचा डबा, गॅसचा, औषधाचा, आणि एक माझ्या लेकीच्या नावाचा. "फोनात सगळं एकाच डब्यात असतंय गं. कुठलं कशाचं कळत न्हाई. आणि एका डब्यातलं लवकर वितळतंय."

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं. माझा पगार महिन्याच्या वीस तारखेला नेमका असाच वितळलेला असतो.

---

मागावरचा

वडगावात आमच्याकडं शनिवारी मागावरच्या मजुरीचा बटवडा. मालक पूर्वी पाकीट द्यायचा. आता नोटा मोजत बसायला नको म्हणून फोनवर टाकतो. म्हणजे आम्ही कुठं 'स्वीकारलं'? मालकानं ठरवलं, आम्ही मान हलवली. भाचीला सांगा, हे पण लिही म्हणावं. निम्म्या लोकांनी मोबाईलचा पैसा असाच स्वीकारलाय.

आता गंमत बघा. पाकीट होतं तेव्हा ते फोडायच्या आत घरात जायचं. बायको मोजायची, मला बसभाडं आणि चहाला द्यायची. आता पैसे माझ्या फोनात. पहिल्या दोन महिन्यांत घरात रोज भांडण. शेवटी तोड अशी निघाली की बटवडा आला की मी उभ्याउभ्या तिच्या नंबरवर टाकायचा आणि ती मला दोनशे परत पाठवणार. शनिवारी संध्याकाळी आमच्या गल्लीत निम्म्या घरांत हीच ये-जा चालते. सरकार म्हणतंय व्यवहार वाढले. वाढणारच की!

आणि काही ठिकाणी आम्ही अजून रोखच देतो. कुठं ते विचारू नका. हिस्ट्री नावाची भानगड आहे त्यात. पोरगा बसून वाचतो, "पप्पा, हे एकशे ऐंशी कुणाला?"

---

टिळकवाडी_कट्टा

@मागावरचा, हिस्ट्रीवर +१. माझं विधान मागे.

---

आकडेमोड

थोडे आकडे टाकतो. देशभरात यूपीआयच्या महिन्याच्या व्यवहारांची संख्या ऑगस्ट २०२३ मध्ये १,००० कोटींच्या वर गेली आणि दोनच वर्षांत, ऑगस्ट २०२५ मध्ये, २,००० कोटींच्या वर. त्यातले शनिवारच्या ये-जेचे किती ते मागावरचा यांनाच ठाऊक.

मोबाईलच्या पैशाची गोष्ट निघाली की केनियाचं नाव घ्यावं लागतं. तिथं एम-पेसा मार्च २००७ मध्ये सुरू झालं, साध्या बटणाच्या फोनवर. आधी चाचणी घेतली होती बचत गटासारख्या छोट्या कर्जांचे हप्ते भरायला. लोकांनी तो फोन शहरातून गावाकडं पैसे पाठवायला वापरला, मग कंपनीनं जाहिरातच तशी केली : घरी पैसे पाठवा. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या अर्थतज्ज्ञांचा २०१६ चा अभ्यास सांगतो की यामुळं केनियातली साधारण २ टक्के कुटुंबं दारिद्र्यातून वर आली, आणि बायकांचा फायदा अधिक झाला.

पण तिथं कोपऱ्याकोपऱ्यावर एजंट होता. किराणा दुकानदार, नोटा घेणारा, नोटा देणारा, अडलं तर दाखवणारा. आपल्याकडच्या यूपीआयला तसा माणूस नाही असं म्हणतात. या धाग्यावरून दिसतंय की आहे, फक्त तो झेरॉक्स काढतो आणि त्याला कमिशन नाही.

---

झेरॉक्सवाला

@आकडेमोड, हसलो. आणि एक आठवलं. एजंट दारात येण्याची सवय आपल्या भागाला केनियाच्या किती आधीपासून! १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेनं पिग्मी काढली. रोज दोन आणे, एजंट दारात येऊन घेऊन जाणार. आज आपल्याकडं प्रत्येक पतसंस्थेची पिग्मी आहे. माझी आई चाळीस वर्षं भरत होती.

'होती' म्हणतोय. कारण आमच्या एजंटानं गेल्या वर्षी सांगितलं, "काकू, आता रोज यायला नको, तुम्ही तिथूनच टाकत जावा." आईला फोनवरून टाकता येतं, मीच शिकवलंय. आठ दिवस टाकले. मग बंद. म्हटलं, का गं? "तो येत न्हाई तर कशाला भरू? यायचा, पाणी प्यायचा, कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं सांगायचा. पन्नास रुपये त्याचेच की ते."

सोपं झालं आणि सुटलं! हे कुठल्या गोलात भरायचं?

---

कणकुंबीकर

आमच्याकडं या आधी. जांबोटी सोडली की रेंज जाते, आणि जुलैमध्ये वीजही. दुकानदाराचा स्टिकर भिंतीवर आहे, त्याला बुरशी आलीय.

तरी वापर आहे बरं का. दुकानदार म्हणतो, "ने सामान, रेंजमध्ये गेलास की टाक." वहीत लिहितो. खानापूरला पोचलं की फोन टिंगटिंग करतो आणि आठवण येते, मग टाकायचे. म्हणजे उधारीची वही तीच, भरणा तेवढा बदलला. बुडवणारा बुडवतोच, पण पूर्वी "आलोच नाही तिकडं" म्हणून सुटायचा, आता ते चालत नाही.

बटणाच्या फोनसाठी १२३पे म्हणून सोय मार्च २०२२ पासून आहे. आमच्या गावात मी सोडून कुणाला तिचं नाव माहीत नाही, आणि मी स्मार्टफोनवाला. रेंज मात्र तिलाही लागतेच.

---

कडोलीचा_बटाटा

सोडण्याबद्दल विचारलंत म्हणून लिहितो.

आमच्या बाबांना फोन आला. "तुमचा माल बघितला, अ‍ॅडव्हान्स पाठवतो, स्क्रीनवर येईल ते दाबा." पैसे येणार म्हणून बाबांनी पिन टाकला. आले नाहीत, गेले. रक्कम लिहीत नाही, बाबा हा धागा वाचतात. सायबर फसवणुकीच्या १९३० या नंबरवर फोन केला, तक्रार दिली, थोडे गोठवता आले, बाकीचे गेले. बँकेत गेलो तर साहेबांनी आधी विचारलं, "तुम्ही पिन का टाकला?" जणू बाबांनीच चोरी केली होती.

दीड वर्ष बाबांनी अ‍ॅप उघडलं नाही. शिकवणीला कमी नव्हती, सगळे सांगत होते. परत आणलं ते भाजीच्या टेंपोनं. गोव्याला चोर्ला घाटातून माल जातो. टेंपोवाला म्हणाला, "मामा, रोख घेऊन घाटातून रात्री मी येत नाही. फोनवर घेणार असशील तर माल घेतो." दुसऱ्या दिवशी बाबा माझ्यासमोर फोन घेऊन बसले. "काय दाबायचं न्हाई, तेवढं सांग." मी एका ओळीत सांगितलं : पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, पिन फक्त द्यायला. त्यांनी ते फोनच्या कव्हरवर पेननं लिहून घेतलं. अजून आहे.

ज्या दारातून ते पैसे गेले ते, म्हणजे माणसानं माणसाकडं मागणी पाठवायची सोय, १ ऑक्टोबर २०२५ पासून बंद केलीय. उशीर झाला, पण बरं झालं. मात्र लबाड नवीन दार शोधतोच, कव्हरवरची ओळ पुसू नका.

---

दुर्गामाता_चौक

माझी मिठाईची छोटी गाडी. कुंदा, पेढा. जुलै २०२५ आठवतोय ना? राज्यात छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा आल्या, यूपीआयवर वर्षाला किती जमा झाले ते बघून. मालाला चाळीस लाख, सेवेला वीस लाख अशी मर्यादा. बेंगळूरमध्ये दुकानांवर 'फक्त रोख' अशा पाट्या लागल्या. मला नोटीस आली नव्हती, माझं एवढं नाहीच. तरी मी रात्रीत स्टिकर काढला. शेजारच्यानं काढला म्हणून.

तीन दिवस टिकलो. गिऱ्हाईक डबा हातात घेऊन विचारायचं, "स्कॅनर?" नाही म्हटलं की डबा खाली ठेवून पुढच्या गाडीवर. मुख्यमंत्र्यांनी बैठक घेऊन नोंदणी करा, जुनी वसुली करणार नाही असं सांगितलं ते नंतर. माझा स्टिकर त्याच्या आधीच परत लागला होता. लावताना वाकडा लागला, अजून वाकडाच आहे.

---

शहापूरची_सून

झेरॉक्सवाल्यांच्या मावशी दचकल्या ते वाचून सासूबाई आठवल्या. त्यांचं किराणा दुकान आहे. स्टिकर असूनही त्या वर्षभर कुणाला फोनवर देऊ द्यायच्या नाहीत. पोरं मोबाईलचा पडदा दाखवायची, "हे बघा आजी, गेले." त्यांना तो पडदा वाचता येत नाही. चष्मा शोधेपर्यंत पोरगं गायब. बँकेचा मेसेज इंग्रजीत. मग बोलणारा डबा आला आणि सगळं फिरलं. कानावर पडलं की झालं, बघायला नको.

डबा कन्नड बोलतो. बसवणाऱ्या पोरानं भाषा विचारलीच नाही. मराठी करून घेऊ या म्हटलं तर सासूबाई, "राहू दे. आकडेच तर ऐकायचे." बेळगावात कन्नड येत नाही म्हणणाऱ्याला आकडे येतातच, बाजारात उभ्या आयुष्यात तेवढं शिकून होतं. फक्त एकदा ऐवत्तु आणि ऐनूरु यांत गोंधळ झाला. पन्नास आलेल्याला पाचशेचं सामान बांधून देत होत्या! गिऱ्हाईक प्रामाणिक, त्यानंच सांगितलं. तेव्हापासून डब्याचा आवाज वाढवलाय. समोरच्या देवळात आरतीच्या वेळी लोक तक्रार करतात.

अवांतर : सीमावाद पेटला की दोन्हीकडच्या बसगाड्या सीमेवर थांबतात, पण पलीकडं महाराष्ट्रातल्या शिनोळीच्या चहावाल्याला इथून दिलेले दहा रुपये तेव्हाही पोचतात.

---

टिळकवाडी_कट्टा

@शहापूरची_सून, शिनोळीचंच सांगतो. परवा तिथंच पेट्रोल भरून झाल्यावर फोनची बॅटरी संपली. पाकीट बाळगत नाही, वर लिहिलंयच. पंपावरच्या माणसानं मला बाकड्यावर बसवलं, स्वतःचा चार्जर दिला आणि पंचवीस मिनिटं गाडीची किल्ली खिशात ठेवली. आता सीटखाली पाचशेची नोट असते.

---

झेरॉक्सची_भाची

नमस्कार, मी ती भाची. मामानं लिंक पाठवली.

फॉर्म भरून झालेत. अडचण अशी की जवळपास सगळ्यांनी सगळीकडं 'सहमत' भरलंय. मामाच्या दुकानात भरून घेतले ना, मामा समोर उभा. एका आजोबांनी तर मलाच विचारलं, "कुठला गोल भरला की तुझे मार्क वाढतील?"

सरांना हा धागा दाखवला. म्हणाले, मुलाखती जोडता येतील. मला तीन गोष्टी विचारायच्या आहेत : पहिला व्यवहार कुणासमोर केला, अडलं तर कुणाकडं जाता, आणि कुठला पैसा मुद्दाम फोनवर ठेवत नाही. तिसरा प्रश्न निपाणीच्या ताईंच्या आईंमुळं सुचला. डब्यांचा फोटो मिळेल का? आतले पैसे नकोत, नुसते डबे.

आणि मागावरचे काका, शनिवारी बटवड्याच्या वेळी वडगावात आले तर चालेल का?

---

निपाणीची_लेक

आईला विचारलं. म्हणाली, तीन डब्यांचा काढ. चौथा का नको ते सांगितलं नाही.

---

मागावरचा

ये की. पण साडेपाचच्या आत ये, त्यानंतर सगळे पांगतात. माग चालू असले तर काही ऐकू येणार नाही, मग बाहेर कट्ट्यावर बसू. आणि बायकांशी बोलायचं असेल तर मामाला आणू नको. फॉर्म पण नको.